मोहीम पंख्याच्या खोक्याची

वाचणारांस उदंड आयुष्य लाभो आणि ऐकणारांस मध्येच जांभई न येवो. सन मजकुरी, दुसऱ्या सत्रात, गुरुवारी पाचव्या तासास, माध्यमिक शाळेच्या वरल्या मजल्यावर नववी ब नामक मुलखात जे रण माजले, त्याची हकीकत लोकांनी तिखटमीठ लावून चहूकडे पसरविली. कोणी म्हणे तपासनीस साहेब रडले, कोणी म्हणे खोका फाटला. सबब खरे-खोटे निवडून, जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. साहेब रडले नाहीत. खोका मात्र फाटला.

त्या मुलखाच्या इंग्रजी सुभ्यावर खाशा स्पीकअप बाई यांचा अंमल होता. मूळ नाव हजेरीपटापुरते उरले होते. वर्गात पाऊल ठेविताच 'स्पीक अप', म्हणजे मोठ्याने बोला, ऐसा हुकूम त्या सोडीत, म्हणोन प्रजेने हा किताब बहाल केला होता. प्रजा एकूण एकतीस असामी. मराठीत त्यांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चाले, आणि इंग्रजीत बोला म्हणताच सर्वांची दातखीळ बसे. लिहा म्हटले तर चार पाने भरीत, बोला म्हटले तर आपापल्या बुटांकडे पाहत. म्हणोन बाईंनी बहुत खटपट करून गुरुवारचा पाचवा तास निव्वळ बोलण्याकरिता मागून घेतला, आणि त्या तासी पुस्तक, वही व गाईड यांस वर्गबंदी केली. कधी दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे, एकाने चित्र सांगावे आणि दुसऱ्याने काढावे. कधी डोळे बांधलेल्या गड्यास नुसत्या बोलीवर बाकांमधून पार न्यावे. ऐशा नाना युक्त्या बाई घरी कात्री व डिंक घेऊन रचीत. निष्पत्ती इतकीच जाहली की, दोन चित्रांत घोड्यास सहा पाय आले आणि एक गडी डोळे बांधलेलाच थेट मुख्याध्यापिकांच्या दालनात शिरला.

त्या तासावर गणिताच्या सरांचा डोळा होता. त्यांनी अर्जी गुदरली की, गुरुवारी वरल्या मजल्यावर नुसता गोंगाट होतो, तरी तो तास बीजगणितास मिळावा. मुख्याध्यापिकांनी, ज्यांस मोठ्या बाई म्हणत, दोन्हीकडचे ऐकोन फर्मान काढिले की, येत्या गुरुवारी तपासनीस साहेबांची स्वारी येत आहे, त्यांनी हा तास पाहावा. पटावरील एकूण एक मूल इंग्रजीत बोलले तर तास बाईंकडे कायम. एकही मुके राहिले तर तास गणिताकडे वर्ग.

हे ऐकोन बाईंनी हजेरीपटाचे शेवटले नाव काढून पाहिले. कारण एकूण एक म्हटले की त्यात अनुक्रमांक एकतीस आली. ही मुलगी शेवटल्या बाकावर बसे. शाळा उघडल्यापासून हजेरीस हात वर करण्यापलीकडे तिने इंग्रजीच्या तासास काही केले नव्हते, आणि वर्गाने तिला मौनी हा किताब दिला होता. बाईंना तासाची चिंता होतीच, परंतु खरे सांगावयाचे तर त्याहून मोठी चिंता त्या मुलीची होती. तास गेला तर तिला बोलते करावयास दुसरी जागाच उरत नव्हती.

मग बाईंनी घरी बसून नवी मसलत योजिली, तिचे नाव हरवलेल्या वस्तूंची कचेरी. बुधवारी प्रत्येकाने घरून एक वस्तू आणोन खोक्यात जमा करावी. गुरुवारी बाईंनी एकेक वस्तू काढावी, आणि ज्याची असेल त्याने ती कशी आहे, कोणत्या कामाची आहे, हे इंग्रजीत सांगोन सोडवून न्यावी. जो मराठीत एक शब्द बोलेल किंवा गप्प राहील, त्याची वस्तू सोमवारपर्यंत जप्त. हा दंडक लहानथोर सर्वांस लागू, ऐसे बाईंनी फळ्यावर ठळक लिहिले. पंख्याचा खोका बाईंच्या सासूबाईंनी माळ्यावरून काढून दिला आणि बजाविले की, "ने, पण परत आण. थंडीत पंखा काय उघडा ठेवायचा?"

आता या शाळेची जुनी रीत ऐसी की, प्रश्न कोणताही असो, उत्तर पाठ करावे आणि अनुक्रमांकाने म्हणावे. तास जाणार हे कळताच वर्गाने सायकलींच्या छपराखाली गुप्त सभा भरविली. वर्गाची मॉनिटर, अनुक्रमांक तीस, मोठी करारी मुलगी होती. तिने मधल्या सुटीत एकतीस वस्तूंची एकतीस वर्णने लिहून वाटली आणि हुकूम दिला की, खोका अनुक्रमांकाने भरावा, एक नंबर वर आणि एकतीस तळाशी. मागला बसला की पुढल्याने उठावे, पाठ केलेले घडाघडा म्हणावे, वस्तू घ्यावी व बसावे. इकडेतिकडे पाहू नये, कारण पाहिले की विसरायला होते. साहेबांनी काही पुसल्यास 'येस सर' म्हणावे. कोणी शंका काढिली की, निदान बाईंना सांगू या. त्यावर मॉनिटर म्हणाली, "नको रे. बाईंना खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात त्यांचे."

मग गुरुवार उजाडला. साहेबांची स्वारी आली आणि मौनीच्या शेजारी शेवटल्या बाकावर स्थानापन्न जाहली. गणिताचे सर सहज आल्यासारखे दारात उभे राहिले. खोका उघडला आणि एकापासून सहापर्यंत सहा वीर असे बोलले की बाई थक्क जाहल्या. साहेबांनी मान डोलावली. सरांचा चेहरा पडला.

परंतु घात तेथेच दबा धरून बसला होता. अनुक्रमांक सात यास गालगुंड जाहले होते, तो घरी निजून होता. त्याची लांब काळी छत्री मात्र बुधवारीच खोक्यात पडली होती. बाईंनी छत्री वर काढिली. सहावा बसला होता, म्हणोन आठवा उठला आणि समोर न पाहता म्हणाला की, ही वस्तू फार लहान आहे, माझ्या खिशात राहते, हिने मी रोज भांग पाडतो. मग छत्री घेऊन बसला. नववा उठला आणि म्हणाला की, ही रोज सकाळी ओरडून आमचे सारे घर जागे करते. त्यास कंगवा मिळाला. दहावी म्हणाली की, मी ही डाव्या पायात घालते. तिच्या हाती गजराचे घड्याळ आले. साहेबांनी चष्मा काढून पुसला, बाकावर ठेविला, आणि घड्याळाकडे व तिच्या पायाकडे बोट करून, हे खरोखर पायात घालतेस काय, ऐसे खुणेनेच पुसले. ती म्हणाली, "येस सर."

मॉनिटरने आठव्यासच घोळ ओळखिला होता. तिने हात हलविले, डोळे वटारिले, पट्टी आपटली, परंतु कोणी पाहीना, कारण पाहू नये हा तिचाच हुकूम होता. ऐसी पलटण डोळे मिटून दरीकडे चालली. बाईंच्या ध्यानी सारा प्रकार आला. मुलांनी हे आपल्याकरिता केले, इतकी पाठांतरे, इतकी गुपिते, हे कळोन रागे भरावे की एकेकास पोटाशी धरावे हे त्यांस समजेना. सर आता दारातून आत आले होते.

मॉनिटरनेही निरुपायाने आपले पाठ म्हटले आणि एकोणतिसाव्याची वस्तू घेतली. अखेर मौनीची पाळी आली. बाईंच्या हाती मॉनिटरचा फुटबॉलचा बूट होता आणि खोक्याच्या तळाशी एक जड लोखंडी पाना उरला होता. तो पाना मौनीच्या वडिलांचा. ते नळदुरुस्तीचे काम करीत. दोन वाजता हॉस्पिटलात पाण्याची मोठी नळी बदलावयाची होती, आणि पाना घेण्यास ते फाटकाशी येऊन उभे राहणार होते. मौनी उठली. पाठ केलेले सारे भीतीने पार पुसले गेले होते. बूट घेऊन बसावे तर पाना सोमवारपर्यंत जप्त, आणि गप्प राहावे तरी जप्त. बाईंनी बूट पुढे केला.

मौनी म्हणाली, "नो."

हा त्या तासात इंग्रजीत उच्चारलेला पहिला न पाठ केलेला शब्द होय.

मग धरण फुटावे तैसे जाहले. "नॉट माय शू. आय हॅव टू शू. दॅट माइन, डाउन, बॉक्स." पान्याचे इंग्रजी नाव तिला आठवेना आणि मराठी बोलण्याची सोय नव्हती, तेव्हा तिने दोन्ही हातांचा जबडा करून दाखविला. "आयर्न. इट बाइट पाइप. वॉटर स्टॉप. माय फादर गेट, टू ओ'क्लॉक. हॉस्पिटल नो वॉटर. प्लीज, मॅडम, गिव्ह."

बाईंनी पाना दोन्ही हातांनी उचलोन, तलवार द्यावी तैसा तिला दिला.

ते पाहोन बाकीच्यांनी डोळे उघडिले आणि आपापल्या हातातील ऐवज पाहिला. मग जे जाहले त्यास उपमा नाही. "गिव्ह माय क्लॉक!" "यू गिव्ह फर्स्ट!" "धिस सॉक स्मेल, नॉट माय सॉक!" ऐसी इंग्रजीची आतषबाजी उडाली आणि कंगवे, घड्याळे, मोजे हातोहात फिरू लागले, आणि जो तो आपली वस्तू कैसी आहे हे गळा फाडून सांगू लागला, आणि दोघे खोक्यात शिरले, आणि खोका उभा फाटला, आणि मराठीचा एक शब्द कोणाच्या तोंडून निसटला नाही. बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या होत्या आणि हसत होत्या, आणि हसताना पदराने डोळे पुसत होत्या. इतक्यात शेवटल्या बाकावरून आवाज आला, "अरे, माझा चष्मा कुठे गेला?"

सर्वांनी फळ्याकडे पाहिले, मग साहेबांकडे. चष्मा त्या धामधुमीत आठव्याच्या हाती पोहोचला होता. मौनी पाना खांद्यावर टाकोन म्हणाली, "नो मराठी, सर. मंडे."

अठरा वर्षे साहेबांनी इंग्रजी अहवाल लिहिले, सह्या केल्या, शेरे मारिले. बोलण्याचा प्रसंग एकदाही आला नव्हता. ते आपल्या बुटांकडे पाहू लागले, आणि ते पाहणे त्या वर्गास इतके ओळखीचे होते की कोणी हसले नाही. मौनी हळूच म्हणाली, "स्पीक अप, सर."

तेव्हा साहेब बोलते जाहले. "टू ग्लास. ब्राउन. वन लेग ब्रोकन. माय वाइफ... शी टाय विथ थ्रेड." दोरा खरोखर होता, निळा. आठव्याने तो तपासोन मान डोलावली आणि चष्मा सन्मानपूर्वक परत केला, आणि वर्गाने ऐशा टाळ्या पिटल्या की खालच्या मजल्यावरील सातवी अ जिन्यात जमा जाहली.

गणिताच्या सरांनी अखेरची हरकत घेतली की, पटावर एकतीस, हजर तीस, सबब एकूण एक बोलले ऐसे म्हणता येत नाही. साहेबांनी चष्मा नाकावर ठेविला, मोजले, आणि शेऱ्यात लिहिले की, पट एकतीस, बोलले एकतीस, पैकी एक तपासनीस. तास कायम.

येणेप्रमाणे गुरुवारचा पाचवा तास राखिला गेला आणि फत्तेची नोंद मोठ्या बाईंच्या सहीनिशी दप्तरी दाखल जाहली. छत्री सातव्याच्या घरी पोहोचविली. खोका दोरीने बांधोन सासूबाईंस परत केला, त्यावर त्या दोन दिवस बोलल्या. गणिताचे सर त्यानंतर गुरुवारी दारात येऊन उभे राहतात आणि आत या म्हटले की घड्याळ पाहतात. पाना दोनला दोन मिनिटे कमी असता फाटकाशी पोहोचला. बापाने पुसले की, इतका दम का लागलाय. शाळा सुटली होती, म्हणोन मुलगी सोबतच निघाली, आणि तिने जे सांगावयास आरंभ केला, ते हॉस्पिटल येईपर्यंत संपेना. दुसऱ्या दिवशी वर्गाने मौनी हा किताब एकमताने खालसा केला.