शेवंताबाईंचा फणस आणि गुप्त करार

स्वातंत्र्ययुद्धात आमच्या वाडीसाठी शेवंताबाई राऊळ यांच्या फणसाने हेरगिरी केली. नदीपलीकडे परक्या सरकारचं ठाणं होतं. एका पहाटे फणस नदी ओलांडून ठाण्याच्या अंगणात उभा राहिला. त्याचं फळ आमचा नावाडी घेऊन यायचा. आत जितके गरे, तितके शिपाई. आठळी नसलेला गरा म्हणजे बिनबंदुकीचा शिपाई.

पुढे ठाण्याच्या कप्तानाला फणस आवडू लागला. त्याने एक कापला, गरे मोजले आणि झाडाला अटक केली.

त्या सुमारास दोन्ही बाजूंची गुप्त बोलणी चालली होती. नदीतल्या बेटावरच्या देवळात बैठक बसली. हा फणस आमचा नाही, एवढंच आमच्या बाजूने बोलणाऱ्या दाजी धुरींनी म्हणायचं होतं. पकडलेल्या हेराबद्दल तसंच म्हणतात. पण परक्यांचा वकील कोकणात वाढलेला. त्याने अटी वाचल्या नाहीत, देवाला साकडं घालायच्या गाऱ्हाण्याच्या सुरात घातल्या.

"बा देवा म्हाराजा! हो फणस ह्या वाडयेचो हेर आसा!"

देवळात गाऱ्हाणं सुरू झालं की आमच्याकडे कोणी अर्थ ऐकत नाही, ओळीओळीला होकार भरतात.

"व्हय म्हाराजा!" आमची मंडळी म्हणाली.

"तेका उद्या तोडूक वाडयेची हरकत नाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज दाजींचा होता. करार झाला.

शेवंताबाईंनी दाजींना होडीतून उतरूही दिलं नाही.

"माझ्या झाडाच्या मरणाक व्हय म्हटलात?"

"अगो, गाराणा होता. गाराण्याक नाय कोण म्हणता?"

"तुमची मान मागितली असती तरी व्हयच म्हटला असतात! पोरासारखो वाढवलंय मी तेका!"

"आता शब्द दिलो. मोडलो तर बोलणी फिसकाटतली."

"फिसकाटांदेत!"

त्या काठावर गेल्या आणि भर दुपारी ओरडल्या, "चल घरी!"

फणसाने मुळं उपटली आणि तो नदीत उतरला. दोन्हीकडचे शिपाई बघत राहिले. तहाची बोलणी चालू असल्यामुळे कोणाला गोळी झाडता येईना. वाडीतल्या वाटेत फांद्या अडत होत्या, म्हणून एका शेजाऱ्याने आपल्या मांडवाची बाजू सोडून दिली.

शेवंताबाईंनी त्याला परसात उभं केलं, मुळांवर माती ओढली, घागरभर पाणी ओतलं. मग दाजींकडे वळल्या.

"हेर होयो ना तुमका? आता तुमी जावा."

दाजी गेले. ठाण्याच्या अंगणात, त्याच खड्ड्यात, हात पसरून उभे राहिले. कप्तानाने शेवटच्या फळांसाठी तोड पुढे ढकलली, आणि पावसाळ्यापर्यंत त्यांना कोणी ओळखलं नाही.