आधी कार्यमुक्त, मग रुजू

आमच्या वरच्या मजल्यावरचे भागवतकाका पेनड्राइव्ह काढण्याआधी त्याला बदलीचा हुकूम वाचून दाखवतात. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. उभी नोकरी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी कचेरीत झाली, आता दिल्लीतल्याच द्वारकेत आमच्या डोक्यावर राहतात.

मी पानिपतहून पडदे-चादरी आणून विकतो. शून्यातून उभा राहिलो, भल्याभल्यांना भावात वाकवलं. माझ्या जुन्या स्कॅनरवर कापडाची नक्षी जशीच्या तशी उतरते, पण तो फक्त जुन्या विंडोजवर चालतो. काकांनी माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं आणि म्हणाले, विंडोज त्याच्याच पोटात बसवू, कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर. दोऱ्यापर्यंत माल पारखणारा मी, इथे भुललो.

पोटातलं विंडोज चालायचं, पण त्याला स्कॅनर दिसायचाच नाही. काकांच्या मते लिनक्स त्याला सोडत नव्हतं. "एक यंत्र दोन खुर्च्यांवर बसत नाही, शिंदे. आधी कार्यमुक्त, मग रुजू." असे तीन रविवार गेले. दर रविवारी काका घरून आणलेला हुकूम, म्हणजे लिनक्सला द्यायची कमांड, टाइप करायचे, त्याला जावक क्रमांक द्यायचे, चहा प्यायचे आणि जायचे. इकडे येत्या सोमवारी नमुने गेले नाहीत, तर हॉटेलच्या पडद्यांचं काम दुसऱ्याला मिळणार होतं.

अशात बायकोनं सांगितलं, अगदी असाच स्कॅनर काकांकडे आहे आणि तो चालतो. माझं डोकंच फिरलं. चौथ्या रविवारी सकाळी वर जाऊन मी तो दोन दिवसांसाठी मागितला.

"बिल्कुल नाही," काका म्हणाले.

मी एका दिवसावर आलो, मग एका तासावर. माणूस तसूभर हलेना. मी सरळ आत घुसलो. मॉनिटरवर त्यांच्या स्वतःच्या स्कॅनरचा हुकूम उघडाच होता. त्यातला पोर्टचा, म्हणजे स्कॅनरची वायर खुपसायच्या खाचेचा, नंबर माझ्या हुकमातल्यासारखाच.

"काका, हा तर तुमच्या घरचा पत्ता. माझ्या स्कॅनरला तुमच्या खुर्चीवर रुजू व्हायला पाठवलंत?"

काकांनी वाकून नंबर वाचला. जुन्या मसुद्यावरून नवा हुकूम काढायची कचेरीतली खोड. पत्ता बदलायचा तेवढा राहिला होता. तीन रविवार! मी भांडायला तोंड उघडलं आणि स्कॅनरच्या झाकणाखालून वहीची कड दिसली.

ती काकूंची पाककृतींची वही होती. नातीला पाठवायला त्या एकेक पान स्कॅन करत होत्या. गेल्या वर्षी काकू गेल्या. पुढचं पान त्यांनी ठेवलं तसंच काचेवर होतं, आणि काकांनी आपल्या कॉम्प्युटरच्या पोटातलं विंडोज त्यानंतर बंदच केलं नव्हतं.

"उरलेली पानं मी करून देतो," मी म्हणालो.

काकांनी झाकणावरची धूळ बोटानं पुसली. "नको. वही संपली, तर तिला कार्यमुक्त करावं लागेल."

मी खाली येऊन नंबर बदलला. स्कॅनर लगेच रुजू झाला, नमुने वेळेत गेले. तीन रविवारांचं भांडण मात्र मी सोडलेलं नाही. त्यासाठीच दर रविवारी काकांना चहाला बोलावतो. अजून भांडणाला सुरुवात झालेली नाही.