ठमाबाईच्या खळ्यावरील चित्रमोहीम

श्री. सकळ कलादर्दी मंडळींस जाहीर व्हावे जे, शके अठराशे त्र्याऐंशी, कार्तिकमासी, बोर्ली पंचतनाच्या मुलखी जे तुंबळ युद्ध जाहले, त्याची हकीकत कोणाचा हुकूम नसताही लिहितो, कारण लिहिल्यावाचून राहवत नाही.

खासे रंगबहाद्दर दत्तात्रेयपंत मुंबईस चित्रविद्या शिकून आले, आणि येताच कुंचल्यास बडतर्फ करते जाहले. कापडावर रंगविणे ही गुलामी, ऐसे मनी धरून त्यांनी सख्खी मावशी ठमाबाई इचे मळणीसाठी नुकते चोपून सारवलेले खळे काबीज केले, आणि त्यावर मीठ, कोळसा, गुलाल, कापलेली लिंबे व काळ्या कोंबड्याची पिसे यांची वर्तुळे मांडली. मग फर्मान सुटले की, बघणाराने दुरून बघो नये, अनवाणी आत शिरावे, हातापायांनी चित्र मोडावे, मोडील तोच चित्रकार. रविवारी मुंबईहून दोघे कलापारखी येणार, तोवर रयतेने ही सेवा रुजू करावी.

रयत आली आणि वईच्या कुंपणाबाहेरच थबकली. लिंबू, मीठ, काळी पिसे. ही करणी, हे शेंबड्या पोरासही कळले. मग भगत बुधाजी यांस पाचारण जाहले, आणि त्यांनी मुआयना करोन निवाडा दिला, "करणी हाय, पन शिकाऊ मानसाची." हा घाव पंतांच्या जिव्हारी लागला.

इकडे ठमाबाईचा जीव टांगणीस. वर्षाचे भात कापून शेतात पडले, आभाळ भरून आले, आणि करणीच्या खळ्यात बैल घालण्यास कोणी राजी होईना. भात भिजते तर वर्षभर चूल थंड. तिने भाच्यास विनविले की, बाबा, पूस हे. पंतांचा जबाब आला की, कर्त्याने कलाकृती पुसणे शास्त्रात बसत नाही, बघणाराने पुसल्यास मुभा आहे.

"मंग मी हाय बघनारी," ऐसे बोलून रविवारी सकाळी बाईने पदर खोचला, आणि खराटा उपसून एकटीच आत घुसली, आणि लिंबे, पिसे उकिरड्यास रवाना केली, आणि बाई जिवंत पाहून गावही धावले, आणि बैल जुंपले. इतक्यात कलापारखी दाखल जाहले. गुलालाने माखलेले खूर गोल फिरताना पाहून एकाने चष्मा पुसला, दुसरा सद्गदित होऊन म्हणाला, हाच खरा सहभाग. बाईने दोघांच्या डोईवर भारे दिले.

सांजेस पाऊस कोसळला, तेव्हा भात कोरडे घरात होते.

पुढे मुंबईच्या वर्तमानपत्री दत्तात्रेयपंतांच्या खूरचित्राचा डंका वाजला. त्यात मावशीचे नाव नव्हते, ढवळ्या बैलाचे होते. ठमाबाईने ते वाचवून घेतले आणि म्हणाली, "ढवळ्याचं नाव बराबर हाय, त्यो राबला. दत्तूचं कशापायी?"

सबब फत्ते ठमाबाईच्या नावे कलमबंद केली असे.