रमणभाऊ आणि कुलूपतोडी फ्लॉपी

रमणभाऊंच्या संगणकात गुराढोरांच्या आजारांवरचं सॉफ्टवेअर होतं आणि दारात साधी शेळीसुद्धा नव्हती. कारखान्याचे पगार काढणारं होतं, कारखाना नव्हता. पत्रिका मांडणारंही होतं, आणि पत्रिकेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. यातलं एकही त्यांनी विकत घेतलेलं नव्हतं आणि एकही ते वापरत नव्हते. कुठून तरी सॉफ्टवेअर मिळवायचं, नक्कल चालू न देणारं त्याचं कुलूप तोडायचं, ते सुरू झालेलं डोळे भरून बघायचं आणि बंद करायचं. झालं समाधान.

ही नव्वदच्या दशकातली, अमळनेरची गोष्ट. मी तिथल्या एका कॉलेजात शिकवत होतो. भाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आमच्या गल्लीच्या टोकाला एकटेच राहायचे. गावात संगणक मोजके, पण ज्याच्याकडे असे त्याच्याकडे भाऊंची एखादी फ्लॉपी हमखास सापडे. कोणी काहीही मागितलं तरी भाऊंचं अहिराणीतलं उत्तर ठरलेलं, "कुलूप शे म्हंजे किल्ली बी शे." माणूस फ्लॉपी खिशात घालून दारातूनच परत जाई.

माझी बायको शैला तेव्हा खानदेशातल्या लग्नगीतांवर पीएच.डी. करत होती. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या आमच्या पुढच्या खोलीत बसून गात आणि ती ऐकता ऐकता थेट संगणकावर उतरवून घेई. मराठी टाइप करायचा प्रोग्रॅम अर्थातच भाऊंकडचा. एके दिवशी तो अडून बसला आणि मूळ फ्लॉपी मागू लागला.

भाऊ आले ते कुलूप तोडणारी फ्लॉपी घेऊनच. ती आत सरकवली मात्र, पडदा लालभडक झाला आणि मशीन पीं पीं करू लागलं.

"भाऊ, यात व्हायरस आहे म्हणतोय," शैला म्हणाली.

"ताई, हा अँटिव्हायरस म्हंजे वॉचमन शे. किल्लीवालाले बी चोर म्हनस." एवढं बोलून त्यांनी वॉचमनलाच बंद करून टाकलं.

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. कुलूप तोडणारं काहीही दिसलं की तो अँटिव्हायरस ओरडायचाच, आत रोग असो वा नसो. पण त्यामुळे तो नेहमीच उगाच ओरडतो, अशी भाऊंनी समजूत करून घेतली होती.

टायपिंग सुरू झालं. आठवडाभरातच संगणक मात्र सुरू होईना. काळा पडदा आणि वर इंग्रजीची एक ओळ. गाण्यांची दुसरी प्रत ज्या फ्लॉपीवर ठेवली होती, तीही उघडेना. गाणी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी दोघी तोवर वारल्या होत्या.

मी भाऊंना बोलावून आणलं. त्यांनी पडदा पाहिला, गाण्यांचं ऐकलं आणि ते खुर्चीत बसले.

"माझ्याच फ्लॉपीतून आलं हे," ते म्हणाले. "आता कोणी हात लावू नका."

तसेच उठून ते धुळ्याच्या एसटीत बसले. धुळ्याला इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाचे एक सर होते. प्रत्येक सॉफ्टवेअर पावती घेऊन विकत आणायचे, म्हणून भाऊ त्यांची 'पावतीवाले सर' अशी टिंगल करत. संध्याकाळी भाऊ परतले तेव्हा त्याच सरांची, व्हायरस शोधून काढणारी एक फ्लॉपी त्यांनी प्रसादाच्या द्रोणासारखी दोन्ही हातांत धरली होती.

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, वॉचमन कधी कधी घरच्यांवरही ओरडतो. म्हणून त्याला कोंडून ठेवायचं नसतं."

त्या फ्लॉपीवरून मशीन सुरू झालं. तपासणी संपता संपेना. अखेर व्हायरस सापडला, निघाला, आणि आमचा संगणक पूर्वीसारखा उघडला. शैलाने एकेक गाणं खाली सरकवत पाहिलं.

"आहे," ती म्हणाली.

"बठ्ठं? सगळं?" भाऊंनी विचारलं.

"बठ्ठं."

भाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसत होते.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर निघाले. "माझ्याकडून आलंय, मीच घेऊन जातो," एवढंच दारात सांगत. कुलूपतोड्या फ्लॉप्या परत घेत आणि मशीन तपासून देत. तपासणीला वेळ लागे, तेवढा वेळ पाहुण्याला बसवावंच लागे. वकिलांकडे चहा झाला, तेलाच्या व्यापाऱ्याकडे भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. डॉक्टरांच्या आईने तर पाटबंधारे खात्यातल्या जुन्या गोष्टी सांगायला लावल्या. भाऊ गावातल्या घरांमध्ये आतपर्यंत गेले ते बहुधा तेव्हाच.

सगळी मशीनं स्वच्छ झाली, तरी रविवारी सकाळी भाऊ आमच्या दारात उभे. "एकदा बघून घेऊ म्हटलं." पुढच्या रविवारीही आले. तपासणी दोन प्रकारची होती, एक झटपट आणि एक सगळं धुंडाळणारी. भाऊ दर वेळी दुसरी निवडत आणि पडद्याकडे पाठ करून आमच्याशी गप्पा मारत.

एकदा मी म्हटलं, "भाऊ, मशीन छान चाललंय. झटपटवाली केली तरी पुरे."

शैलाने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपरात डोकं घातलं.

"नाही भाऊ," ती म्हणाली, "सगळं नीट बघा. मी पोहे टाकते."

"तेच म्हणतो," भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. "घाई कोनले शे?"