जावयाच्या तळहातीचा जलदुर्ग

हुजुरांस विदित व्हावे. परभणी प्रांती, झरी मुक्कामी, जावई अवधूतराव यांचे उजवे तळहाती फोड कैसा उद्भवला, त्यावर कोण कोण चालून आले आणि तो कैसा राखिला, याविषयी मुलखात नाना अफवा उठल्या. सबब खरा मजकूर, पदरचे तिखटमीठ बेताचेच घालून, लिहिला असे.

अवधूतराव जिंतुरी शाळेत गणित शिकवीत. कबिला ईश्वरीबाई झरीस माहेरी बाळंत होऊन कन्यारत्न जाहले, हे वर्तमान येताच राव बेभान जाहले, आणि रजा पदरात पाडून, आणि एसटीत खिडकीची जागा सर करून, स्वारी कूच करती जाहली. मनी एकच मनसुबा, की लेक हाती घ्यावी. परंतु हंगाम हुरड्याचा, आणि त्या दिवसांत आलेला जावई आधी मळ्यात न्यावा, मग घरात, हा सासरचा शिरस्ता. श्वशुर सितारामजी यांनी फाट्यावरूनच मोटारसायकलीवर घालून परभारे मळा गाठिला.

तेथे आगटी रसरसत होती. आरातून ज्वारीचे कणीस निघे, आणि सितारामजी ते उघड्या तळहाती चोळून हिरवे दाणे जावयापुढे ओतीत. त्यांचे तळवे औत हाकून चामड्याचे जाहलेले. मेहुणे पप्पू यांनी अर्ज केला, "दाजी, तुमी बी चोळून बघा की. का भाजतंय?" या शेवटल्या दोन शब्दांनी घात केला. कुलवंत जावई सासरी भाजले म्हणत नाही. रावांनी कणीस घेतले, आणि चोळिले, आणि ब्रह्मांड आठविले, आणि मुखावरील हास्य तिळभर ढळू न देता म्हणाले, "कोमटच आहे." मग मूठ आवळून, डाव्या हाताने हुरडा, गूळ आणि चटणी यांचा फन्ना उडवून घरी दाखल जाहले.

घरी सासूबाई पंचफुलाबाई, ज्यांच्या दराऱ्याने दारची कुत्रीसुद्धा रांगेत बसत, नातीस दुपट्यात गुंडाळून सामोऱ्या आल्या. रावांनी हर्षभरे दोन्ही हात पसरिले. तो उजव्यात बोराएवढा फोड, पाण्याने टरारून, जलदुर्गासारखा उभा! सासूबाईंनी नात जागच्या जागी माघारी फिरविली आणि हुकूम सोडिला की, फोड हाय तवर पोरीला हात लावायचा न्हाई. हातातोंडाशी आलेले राज्य गेले.

तो बाळंतिणीच्या खोलीतून दुसरा हुकूम सुटला. ईश्वरीबाईंनी दवाखान्यात पडल्या पडल्या भिंतीवरले यच्चयावत फलक वाचून काढिले होते. "अहो, आधी नळाखाली हात धरा, चांगला घटकाभर! बर्फ लावू नका. अन् फोड फोडायचा न्हाई, सांगून ठेवते." राव नळाखाली उभे राहिले, आणि आग निवाली, आणि मग स्वच्छ जाळीची पट्टी सैलशी बांधून किल्ल्यास तटबंदी केली.

मग हल्ले सुरू जाहले. पप्पू पुदिन्याची टूथपेस्ट घेऊन पहाटेच चालून आले, परतविले. शेजारणी हळद-तेलाची वाटी, बटाट्याची साल आणि दौतीची शाई घेऊन तीन वाटांनी आल्या. सर्वांस चहा पाजून वाटेस लाविले. पट्टी भिजू नये म्हणून राव डाव्या हाताने, चमच्याने जेवू लागले, तो गावभर बोभाटा, की पंचफुलाबाईंचा जावई भाकरी चमच्याने खातो, लय मिजाशी हाय. सासूबाईंस हा घाव वर्मी लागला.

अखेर त्यांनी स्वतः मोहीम हाती घेतली. एका हाती नात, दुसऱ्या हाती तापविलेली सुई, ऐशा उंबऱ्यात उभ्या राहून तहाचे कलम घातले, "जावईबापू, एक टोचा. पाणी गेलं की घ्या लेकीला. आत्ताच्या आत्ता." दुपट्यातून इवली मूठ बाहेर आली. राव विरघळले. गणित विसरले. पट्टी सोडून हात पुढे केला, सुई उतरू लागली, आणि खोलीतून आरोळी आली, "ते पिकलं तर बारशाला तरी घ्याल का हो तिला?"

रावांनी हात मागे घेतला. सुखासुखी नव्हे, डोळ्यांत पाणी आणून घेतला. "थांबतो मी, आई," इतकेच बोलिले. पंचफुलाबाई सुई पदरास टोचून निघून गेल्या. त्या दिवसापासून दारी पहारा त्यांचाच. टूथपेस्टवाल्या पप्पूस त्यांनीच लाटणे दाखविले.

बारशाचा दिवस उगवला. फोडातील पाणी आपसूक जिरले होते, कातडे अभंग, लाली नाही, पू नाही. सासूबाईंनी चष्मा लावून तळहात उजेडास धरिला, उलटसुलट तपासला, आणि नात आणून त्यावर ठेविली. "केवढीशी आहे हो!" ऐसे म्हणून अवधूतराव भर सभेत हसले आणि रडले, दोन्ही एकदमच.

मग बाया पाळण्यापाशी खोळंबल्या, घुगऱ्या निवाल्या, आत्याबाई नाव सांगावयास आतुर. परंतु राव लेक खाली ठेवीनात. मागितली तरी देईनात. शेवटी पंचफुलाबाई म्हणाल्या, "राहू द्या त्यांच्यापाशीच. लय दिवस थांबलेत."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पाळण्यात वरवंटा निजविला, गीत त्यासच गाइले, झोकेही त्यासच दिले, आत्याबाईंनी नाव मात्र लेकीच्याच कानी सांगितले, आणि अबोलीबाई बापाच्या हाती निजून राहिल्या.