ओसरीवरची फुलं आणि पालथी टोपली

नरसिंहपूरच्या देवापुढं मी एकदा नवस बोलले होते. गाडी मिळू दे, बंगला होऊ दे, असलं काही नव्हतं. म्हटलं, "देवा, माझी सून एकदा हसू दे. तोवर चहाला शिवणार न्हाय." (उपवास मी पुष्कळ केलेत, पण चहा सोडते म्हटल्यावर देवालाही वाटलं असेल, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. नव्हतंच. दुसऱ्या दिवसापासून ते ठणकत होतं.)

सून माझी अंबिली, केरळची. माझ्या लेकानं, ऋषिराजनं, कंपनीतच जमवलं आणि तिला आमच्या पिंपळीला घेऊन आला. पोरगी गुणाची. पण आषाढात पाचव्या महिन्यात तिच्या पोटातलं गेलं, आणि तिचं बोलणंच बंद झालं. भांडी घासायची, अंगण झाडायची, काही विचारलं तर "हो आई." बस्स. ऋषिराज सारखा ड्यूटीवर. घरात आवाज म्हणाल तर फ्रीजचा.

त्यात ओणम आला. त्यांच्याकडचा सुगीचा सण. दारात फुलांच्या पाकळ्यांची मोठी गोल नक्षी मांडतात. तिच्या आईनं तसले फोटो पाठवले होते. अंबिलीनं ते बघितले आणि मोबाइल पालथा ठेवून भाकरी थापायला बसली. ठरवलं, उद्या आपल्या ओसरीवर फुलं मांडायची. हसेल पोरगी. आणि मी चहा पिईन. (दोन्ही विचार एकदमच आले, खोटं कशाला बोलू?)

पहाटे उठून झेंडू, तेरडा, कण्हेर, जास्वंद सगळं तोडून आणलं. गोल आखायला रांगोळी बघते तर डबा रिकामा. मग तांदळाचं पीठ पसरलं, त्यावर पाकळ्या मांडल्या, शेजारी समई लावली. नक्षी गोल निघायची ती जरा वांग्यासारखी निघाली, पण रंग छान दिसत होते. अंबिली उठेपर्यंत कोंबड्यांनी पाकळ्या टिपू नयेत म्हणून वर मोठी टोपली पालथी घातली आणि दमून भिंतीला टेकले. डोकं असं ठणकत होतं की डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पदर डोक्यावरून घट्ट आवळून घेतला.

आता आमच्याकडं माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरतात, दिवा लावतात आणि वर टोपली पालथी घालतात. गेलेल्याचं पाऊल कुठल्या रूपानं उमटतंय ते दुसऱ्या दिवशी बघतात. हे मला जन्मापासून ठाऊक. त्या पहाटे मात्र आठवलं नाही. आठवलं ते शेजारच्या सिंधुबाईंना. दूध घालायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं माझे बाई! कवा गं?"

मला वाटलं, मांडणीचं विचारतायत. "आत्ता पहाटं."

"लय तरास झाला का?"

"कंबर मोडली. पर एकटीनंच उरकलं बघा."

सिंधुबाईंनी आत डोकावून बघितलं. आमचे हे, हिंदुराव, रात्रभर उसाला पाणी देऊन आलेले, डासांमुळं पांढरी चादर डोक्यावरून घेऊन निपचित पडले होते. सिंधुबाईंनी जो हंबरडा फोडला, तो थेट रस्त्यापर्यंत गेला.

मी सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी मला पोटाशी धरायचं. "बोलू नगं. रड. मन मोकळं कर." आमची चूल पेटणार नाही म्हणून पिठलं-भाकरी आली. बहीण येईस्तोवर मयताला शिवायचं नाही म्हणून आत कुणी गेलंच नाही. कुणीतरी मोबाइलवर ह्यांचा फोटो हार घालून टाकला, तोही हे टॉवेलवर असतानाचा. आणि तासाभरात माझ्या नणंदबाई प्रयागबाई इंदापूरहून मोटारसायकलवर, "माझ्या दादा रं!" करत उतरल्या आणि टोपलीसकट माझ्या फुलांवर कोसळल्या.

त्या दणक्यानं हे उठले. मागच्या दारानं जाऊन तोंड धुतलं, तेवढ्यात बहिणीचं रडणं कानावर आलं. घाबरेघुबरे पुढं आले आणि गर्दीत मागं आळीतल्या म्हाताऱ्या आबाजींच्या शेजारी टेकले. हळूच म्हणाले, "कोण गेलं वो?"

आबाजींनी मान वर केली नाही. "हिंदुराव गेलं."

"अरारा! कवा?"

"पहाटं. तापट हुता, पर मनानं चांगला."

"व्हय, चांगलाच हुता," असं म्हणून ह्यांनी डोळे पुसले, आणि पुसता पुसता थांबले. "आँ?"

आबाजी किंचाळले. प्रयागबाईंची दातखिळी बसली. आणि तेवढ्यात दारातून एक आवाज आला, जो आषाढापासून मी ऐकला नव्हता. चौकटीला धरून अंबिली हसत होती. खाली बसली तरी हसत होती. मग ते हसणं कुठंतरी वळलं आणि ती माझ्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. एवढ्या दिवसांचं सगळं. रडायला जमलेली माणसं आता गप्प उभी होती, आणि जिला रडायचं होतं तिला आत्ता जागा मिळाली होती.

सगळी पांगल्यावर तिनं चुरगळलेल्या पाकळ्या वेचल्या. चांगल्या तेवढ्या घेऊन एक गोल मांडला, तळहाताएवढा. कुणासाठी, ते मला कळलं. समई तेवढी त्याच्याजवळ सरकवली.

"तुझ्या फुलांनी न्हाय, माझ्या मरणानं हसली ती," हे आतून ओरडले. "नवस मी फेडला म्हण!"

काही का असेना, नवस फळला होता. अंबिली उठली आणि तिनं स्वतःहून माझ्यासाठी चहा आणला. कप हातात घेतला तर काळा कुळकुळीत! हे जिवंत निघाले म्हणून साऱ्या आळीला चहा झाला होता, आणि त्यात घरातलं दूध शेवटच्या थेंबापर्यंत संपलं होतं.

बायांनो, तुमच्याही घरात कुणी असं गप्प झालं असेल, तर माझ्यासारखा एक नवस बोला आणि दारात मूठभर फुलं मांडा. देव ऐकतो. फक्त वर टोपली घालू नका, आणि कपभर दूध आधीच लपवून ठेवा.