नोंदणीकृत गुप्त नाच

माझ्या लेकाचं, चारुदत्तचं वागणं मला पटत नाही. चाळिशीचा बाप्या, जर्मनीत गेर्लिंगेनमध्ये गाड्यांच्या ब्रेकची ड्रॉइंगं काढतो आणि म्हणतो, मला बंडखोरी करायची आहे. बरं, कर. तर हा परवानगीचा अर्ज भरायला बसला.

झालं असं, की तो दोन वर्षं मँचेस्टरला होता. तिथं कधीकाळी जुन्या गोदामांत, तळघरांत पोरं नाचायची. दारावर पाटी नाही, पत्ता त्याच दिवशी फोनवर कळायचा. आत कामगार आणि साहेबाचा मुलगा शेजारी शेजारी घाम गाळायचे, कोणी कोणाचं आडनाव विचारायचं नाही. ती पोरं आता आजोबा झालीत. त्यांच्याकडून ऐकून हा पेटून आला, इथं तसाच गुप्त नाचाचा क्लब काढायचा म्हणून.

ऐकून मीही पेटले. माझ्या धाकट्या दिराच्या वरातीत नाचले, म्हणून सासऱ्यांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून पाय आवरून आहे. म्हटलं, "चारू, तुझ्या क्लबात मी नाचणार."

"नाच की, आई! पण आधी संस्था नोंदवू."

जर्मनीत संस्थेला सात सभासद लागतात. सहा जमले होते, सातवी मी. सही येते मला. क्लब गुप्त म्हणून गुप्तता समिती नेमली आणि तिच्या सदस्यांची नावं फोन नंबरसकट जिन्यातल्या फलकावर लावली. बेभान होण्यासाठी फॉर्म निघाला: किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि त्या काळात जबाबदार व्यक्ती कोण. इमारत सांभाळणाऱ्या फ्राऊ केर्न बाईंनी कपडे वाळवायचं तळघर शनिवारी चार ते सहा दिलं, चाचणी म्हणून. एक तक्रार आली, की कायमचं बंद.

सूनबाई शमिका मला समजावून गेली, "अहो आई, हात खांद्यापर्यंतच वर करा हं. वर पाइप आहेत."

शनिवारी साडी वर खोचून मी चारला हजर. बघते तर खुर्च्या! चोवीस, रांगेत.

"चारू, नाचायच्या जागी खुर्च्या?"

"आल्झो... म्हणजे, आई, प्रमुख पाहुण्यांना काय उभं करू?"

पाहुणे पद्माकरराव हेर्त्सोगेनआउराख नावाच्या गावाहून आले होते. बुटांच्या कंपनीत नोकरी, म्हणजे पायांचे जाणकार. तळघरात ज्योत चालत नाही, म्हणून त्यांनी सेलवरच्या समईचं बटण दाबलं. शाल झाली, नारळ झाला. मग चारूनं पडद्यावर चित्रं दाखवत पन्नास मिनिटं इतिहास सांगितला. त्यावर पद्माकरराव त्या नाचाच्या चिरस्थायी प्रभावावर बोलले. प्रभाव इतका चिरस्थायी, की साडेपाच झाले.

मी उठले.

"काकू, बसा ना, आभार राहिलेत," मागून कोणीतरी म्हणालं. बसले.

आभारांतून पाइपसुद्धा सुटले नाहीत. टाळ्या झाल्या. सहाला दोन मिनिटं असताना चारूनं गाण्याच्या यंत्राला हात घातला आणि दारात फ्राऊ केर्न उभ्या राहिल्या. चोवीस माणसं रांगेत, हात मांडीवर, चिडीचूप. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, इतका छान डिस्को मी आयुष्यात पाहिला नाही. तळघर दर शनिवारी तुमचं, कायमचं.

काय टाळ्या पडल्या! पद्माकररावांनी शाल हवेत उडवली, ती पाइपाला अडकली. चारूनं मला मिठी मारली. "आई, जिंकलो!"

मी खोचलेला पदर सोडला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चारू, विलायतेत नाच बंद पाडायला पोलिसांच्या गाड्या याव्या लागायच्या. आत्ताच दाखवलंस ना चित्रात? तुमच्यासाठी कोणाला फोनसुद्धा करावा लागला नाही. तुला एकट्याला बोलत नाही, 'बसा' म्हटल्यावर मीही बसले. पण खुर्चीत बसून बंडाच्या गोष्टी ऐकणाऱ्यांचं एक बरं असतं रे, त्यांना आवरायला कोणालाच यावं लागत नाही."